विस्तवापाशी बसवलेली

भाऊबीजेला पाऊस! एरवी कुणी असं बोललं असतं तर नरपडच्या म्हाताऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या एकोणीस सालच्या दिवाळीत आभाळाचं डोकंच फिरलं होतं. पाडव्याला पाऊस, बीजेला पाऊस, आणि इकडे नारूचा सगळा बोंबील बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून लटकलेला! दोन उन्हं लागली होती, तिसरं लागायचं होतं. घरातल्या झाडून सगळ्यांनी पहाटेपासून पळापळ करून तो अर्धाकच्चा माल काढला आणि पडवीत दोऱ्या बांधून टांगला. आता त्याला दोनच वाटा होत्या, धूर नाहीतर उकिरडा.

नारूने धूर ठरवला होता. न्याहारी होण्याआधीच त्याने पडवीच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री ठोकली, नारळाच्या सोडणांचा ढीग आत ओढला आणि तीन घमेली मांडून ठेवली.

त्याच्या बायकोने, वेणूने, हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. तिच्या मागे तिची सून रुपल उभी होती. चौथा महिना चालू होता तिला. रुपल आवाज न चढवता म्हणाली, "आई, पडवीत विस्तव पेटला तर मी बाबल्याला घेऊन उंबरगावला जाईन. आजच."

"मी बघते," वेणू म्हणाली.

"तुम्ही बघालच. मी सांगून ठेवलं."

उंबरगाव रुपलचं माहेर. डहाणूहून काही फार लांब नाही, गाडीने गेलं तर घोलवड सोडलं की आलंच म्हणायचं. पण बाबल्या तिकडे गेला की वेणूला ते गाव दिल्लीएवढं लांब व्हायचं. एकदा उन्हाळ्यात तो आठ दिवस गेला होता, तर ह्या बाईने दोन वेळा भातात मीठच घातलं नाही. आणि आता सहा-सात महिने?

बाबल्या तिचा नातू. कागदावर नाव हर्षिल, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नसे, आणि मारली असती तरी त्याने मान वळवली नसती. साडेचार वर्षांचा झाला होता. पाणी हवं असलं की तो वेणूचं मनगट धरून तिला माठापर्यंत ओढत न्यायचा. खुशीत असला की दोन्ही हात झटकायचा. तोंडातून निघायचे ते नुसते सूर, शब्द एकही नाही. वाडीतली त्याच्याएवढी पोरं "वेणूआजी, वेणूआजी" करत तिच्या पाटीमागे धावायची. ती त्यांना चणे द्यायची आणि पुन्हा एकदा हाक मारायला लावायची. पोरांना वाटे, म्हातारी गंमत करते. गंमत कसली! त्या एका हाकेसाठी तिचा जीव तुटत होता. डहाणूच्या बाजारात एखादं लेकरू आईला बिलगून "आजीकडनं घेऊ या ना" म्हणालं, की वेणू भाव पाडून द्यायची आणि घरी येऊन गप्प बसायची.

नारूला अडवायला तिला काय लागत होतं? नुसतं नको म्हणायचं. पण नको म्हटलं की तो का विचारणार, आणि का विचारलं की सगळंच सांगावं लागणार. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेलं.

तेवढ्यात ओटीवरून भिकीची हाक आली. "अगो वेणू, ताट कुठाय ओवाळायचं? भाऊ माझा पाटावर बसून वाळला, बोंबलाआधी!"

भिकी नारूची मोठी बहीण, मागच्याच आळीत दिलेली. आई गेल्यावर हिनेच नारूला वाढवला, त्यामुळे साठी उलटली तरी तो हिच्यापुढे मान वर करत नसे. त्याच्या शेजारच्या पाटावर वेणूचा मुलगा जिग्नेश बसला होता. त्याला ओवाळायला निलम आली होती, वेणूची मुलगी, बोईसरला दिलेली आणि तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. दोन पाट, दोन भाऊ, दोन बहिणी. बाबल्या बाजूला बसून निरांजनाच्या ज्योतीकडे बघत हात झटकत होता.

भिकीने नारूला ओवाळलं आणि मग रुपलच्या पोटाकडे नजर टाकली. "पुढच्या वर्षी बाबल्यालाही ओवाळणारी येऊ दे. पण रुपल, ह्या खेपेला तरी नीट सांभाळ गो. मी कॅलेंडर बघून ठेवलंय. डिसेंबरात सूर्यग्रहण आहे. त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही, सुई नाही, कात्री नाही. मागच्या वेळी ग्रहणात मासळी चिरलीस, त्याचं फळ बघतोय ना आपण सगळे?"

 रुपलने बाबल्याचा हात ज्योतीपासून मागे घेतला.

"आत्या, पुरे की," निलम म्हणाली. "तेव्हाचं ते ग्रहण आपल्याकडे दिसलं तरी होतं का?"

"नाही दिसलं म्हणून काय लागत नाही? तुझ्या दवाखान्यात नसेल, आमच्यात लागतं."

जिग्नेश खाली मान घालून पाटावरच्या तांदळाशी चाळा करत होता. दोन वर्षांपूर्वी, बाबल्या बोलत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं तेव्हा, ह्याच ओटीवर तो रुपलवर ओरडला होता. एक दिवस हात आवरता येत नव्हता का तुला? वेणूने तो आवाज आतून ऐकला होता. ऐकला, आणि काय सांगावं, तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला अजून वाटायची.

ओवाळणं झालं, करंज्या झाल्या, चहा झाला. नारू हात पुसत उठला. "चला, आता पडवीचं बघू. वास धरायच्या आत धूर लागला पाहिजे. ताई, तू आणि वेणू उरलेला माल टांगा. जिग्नेश, सोडणं फोड. विस्तवापाशी रुपल बसेल. पोटुशी बाई, पावसात नको, ओझ्याला नको. मागच्या खेपेला बसली होतीच की."

बोलणारा भला माणूस होता हो! सुनेची काळजीच करत होता तो. आणि ते वाक्य तरी त्याचं कुठे होतं? पाच वर्षांपूर्वी ते वेणूचं होतं.

चौदा सालच्या कार्तिकातही असाच अवेळी पाऊस आला होता. तेव्हाही पडवी बंद केली होती, धूर वाया जाऊ नये म्हणून. सोडणांचा विस्तव मोठा लहरी. भडकला तर बोंबील करपतो, विझला तर कुजतो. त्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एक माणूस जवळ लागतं, राख सारायला, फुंकर घालायला, ओली सोडणं घालून आच दाबायला. रुपल तेव्हा नवी नवरी, पाचवा महिना लागलेला. उन्हात मासळीच्या वासाने तिला उमळायचं, पाटी उचलवत नव्हती. वेणूच म्हणाली होती, "तू ऊन खाऊ नकोस, ओझं उचलू नकोस. इथे सावलीला बस विस्तवापाशी." पाट दिला, पाठीला उशी दिली. आळीतल्या बायका म्हणाल्या, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. वेणू फुगली होती तेव्हा.

सोडणं सर्द असली की पेट घेत नसत. मग वेणू जुन्या नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे कापून आणून द्यायची. ते भस्सकन पेटायचे आणि काळा, घशाला चावणारा धूर सोडायचे. त्या वर्षी ढग हटलेच नाहीत लवकर. आणि ऊन पडल्यावरही धूर चालूच राहिला, कारण उधवा गावच्या बाजारात वेणूने तो बोंबील नेला आणि गिऱ्हाईक तुटून पडलं. "धुराचा आणलास का?" एवढंच विचारायचे. होळीपर्यंत रुपल त्या पडवीत बसली. चैत्रात बाबल्या झाला, लहानखुरा. पुढच्या वर्षी धूर केला नाही, कारण विस्तवापाशी बसायला कुणी मोकळं नव्हतं.

आणि मग अडीच वर्षांपूर्वी, जिग्नेश ओटीवर ओरडला त्याच्या थोडं आधी, त्याच उधव्याच्या बाजारात, वेणूच्या पाटीपाशीच एक आरोग्यवाली बाई वीटभट्टीवर जाणाऱ्या बायकांना सांगत होती. पोटुशी असताना धुरात राहू नका. धूर आईच्या श्वासातून रक्तात जातो, बाळाच्या डोक्याची घडण बिघडू शकते, मूल उशिरा बोलतं, उशिरा शिकतं. वेणूच्या हातात कुणाचा तरी बोंबील होता, तो तिने दोनदा मोजला आणि तरी चुकीचा दिला. त्या दिवसापासून तिला माहीत होतं. माहीत होतं आणि ती गप्प होती.

"बाबा, एक मिनिट थांबा," निलमने पर्समधून कागद काढला. "वलसाडला बाबल्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मागितलेला फॉर्म आमच्या दवाखान्यातून आणलाय. उद्याच द्यायचाय. रुपल गुजराती शाळेत शिकलेली, तिला हा मराठी फॉर्म झेपत नाही. पाच मिनिटांत भरून घेते, सगळे आहेतच."

"भर, भर," नारू पुन्हा टेकला. "नातवाचं काम आहे."

निलम वाचू लागली. गरोदरपणात ताप आला होता का? एकदा. पडली होती का? नाही. गोळ्या? लोहाच्या. बाळ रडलं का लगेच? हो, पण बारीक. वजन? दोन किलो शंभर. भिकी मधेमधे आपली भर घालत होती आणि निलम ती सोडून लिहीत होती.

"गरोदरपणात आईचा धुराशी संबंध आला का? चूल, भट्टी, कारखाना, जाळलेला कचरा, प्लास्टिक. आला असल्यास रोज किती तास, किती महिने?"



"हे काय विचारणं झालं?" नारू हसला. "माझी आई चुलीपुढे बसून पाच पोरांची आई झाली. कोण मुकं निघालं?"

"तू तर नाहीच," भिकी म्हणाली. "तुला गप्प करायला मी विस्तव दाखवायची."

"चूल दोन तासांची असते, बाबा, आणि दार उघडं असतं," निलम म्हणाली. "पडवी बंद होती. हे बघा, बाबल्याचं हेच कारण, असं कुठलाही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. दहा कारणं असतात, काही तर कधीच कळत नाहीत. पण पोटात मेंदू घडत असताना धूर वाईट, एवढं आता सगळे सांगतात. झालं ते झालं. जे यायचंय त्याच्यासाठी तरी विचार करायला नको? रुपल, सांग. रोज किती तास बसायचीस तू?"

रुपलने वर पाहिलं. निलमकडे नाही, नारूकडे नाही. सरळ वेणूकडे. एक क्षणभरच, आणि मग नजर खाली घेतली.

"आठवत नाही," ती म्हणाली.

आठवत नाही! ज्या बाईला बाबल्याने कुठल्या दिवशी पहिल्यांदा पेला धरला ते वारासकट आठवतं, तिला होळीपर्यंतची पडवी आठवत नाही?  पोर आपल्याला झाकते आहे. चार माणसांत सासूचं नाव येऊ नये म्हणून पोर स्वतःवरचा आळ तसाच राहू देते आहे. हे वेणूला सोसवेना. ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली.

"मला आठवतं," वेणू म्हणाली. "लिही. सकाळी नवापासून दिवेलागणीपर्यंत. जेवायला तेवढी उठायची. कार्तिक ते होळी. मी बसवली तिला."

"आई..." रुपल म्हणाली.

"बोलू दे मला. जाळ्याचे तुकडे मीच कापून द्यायचे. नायलॉनचे. तिला खोकला लागायचा तर मी मध चाटवायचे आणि परत बसवायचे. आणि वन्सं, ग्रहणाचं." तिने भिकीकडे पाहिलं. "त्या दिवशी ही तापाने पडली होती. तो एकदाचा ताप निलमने आत्ता लिहिला ना, तोच. मी उठवलंच नाही तिला. विळी मी घेतली होती, मासळी मी चिरली होती. तुम्ही सगळीकडे सांगत सुटलात, मी ऐकत राहिले. तिच्यावर गेलं म्हणजे माझ्यावर येणार नाही, म्हणून."

भिकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. असं नरपडमध्ये कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" जिग्नेशचा आवाज चिरकला. "मी तिला ह्याच ओटीवर बोललो, आई. तू आत होतीस."

"होते."

"आणि चहा ठेवत होतीस!"

"हो रे बाबा. चहाच ठेवत होते."

नारू उठला. त्याला रडारड सोसत नसे, मग तो कामाला लागायचा. "हे बघा, झालं गेलं गंगेला मिळालं. आता माल सडतोय तिकडे. रुपल नको तर मी बसतो विस्तवापाशी. ताडपत्री ह्या बाजूने पक्की करतो, घरात येणार नाही धूर." आणि तो पडवीत गेलादेखील. काडी ओढल्याचा आवाज आला. थोड्याच वेळात ताडपत्रीच्या फटीतून पहिली करडी रेघ ओटीवर आली, आणि तिच्यामागून दुसरी. पडवी आणि ओटी ह्यांत भिंत होती कुठे? नुसता कूड.

रुपल उठून बाबल्याला कडेवर घेऊन आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं.

वेणू पडवीत शिरली. दोन पदरी धोतराच्या फडक्याने तिने पहिलं घमेलं उचललं आणि धूर डोळ्यांत घेत अंगणात नेऊन पावसात उलटं केलं. चर्र झालं. दुसऱ्यासाठी वळली तर ते जिग्नेशने उचललेलं होतं.

"अगं, येड लागलंय का?" नारू ओरडला. "सगळा माल जाईल!"

"जाऊ द्या."

"पंधरा दिवसांची दर्यावरची मेहनत आहे माझी!"

"तुमची मेहनत मला कळत नाही का? चिकूच्या बागवाल्याला खताला द्या. पुन्हा दर्यावर जाल, पुन्हा आणाल. ह्या पडवीत विस्तव पेटणार नाही. आज नाही, कधीच नाही."

नारूने बहिणीकडे पाहिलं. आयुष्यभर तो असाच बहिणीकडे पाहत आला होता. भिकी ओटीच्या कडेला उभी होती.  तीच म्हणाली, "तिसरं घमेलं उचल, नारू. सांगते ते ऐक."

त्याने उचललं.

वेणू हात धुऊन आत गेली तेव्हा रुपल बाबल्याचे कपडे पिशवीत भरत होती. वेणूला वाटलं होतं, विस्तव विझला, आता पोर थांबेल. तोंडभरून सांगायचं होतं तिला, बघ, विझवला मी. पण पिशवी काही थांबत नव्हती.

"विझवला गं," तरी ती म्हणालीच.

"बघितलं."

"मग?"

"मारे अहीं नथी रेहवुं," रुपल म्हणाली. तिच्या तोंडी गुजराती आलं की समजावं, गोष्ट पोटातून आली. इथे राहायचं नाही मला. वेणूला तेवढं कळत होतं.

ती कॉटच्या कडेला बसली. बाबल्या खिडकीचा गज जिभेने चाटत होता. त्याला जवळ घ्यावं असं तिच्या हातांना वाटत होतं, पण हात उचलले नाहीत.

"तुला कधीपासून कळलं, धुराचं?"

"वलसाडच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. दीड वर्ष झालं." रुपलने एक सदरा घडी केला, मोडला, पुन्हा केला. "मी तेव्हाही म्हटलं, आठवत नाही."

"का पण?"

"तुम्ही बस म्हणाला होतात, म्हणून." आता ती रडत होती, पण हात चालूच होते. "कळायला लागलं तेव्हापासून हे उचल, ते टांग, ते धू. माहेरी, सासरी, मला कुणी कधी बस म्हटलं नव्हतं. तुम्ही पाट दिलात. उशी दिलीत. डोळे चुरचुरायचे, डोकं दुखायचं, तरी मला बरं वाटायचं. उठू का म्हणून कधी विचारलं नाही मी. मग तुमचं नाव कसं सांगू?"

"अगं पोरी..."

"धुराचं तुम्हाला माहीत नव्हतं, आई. मलाही नव्हतं. त्याचा मी राग धरला नाही. खोटं नाही सांगत." तिने पिशवीची चेन ओढली. "पण ग्रहणाचं तुम्हाला माहीत होतं. सगळं गाव मला बोललं. माझा नवरा बोलला. मी तापात होते, मलाच वाटायला लागलं, उठले असेन, चिरलं असेन, मीच केलं असेन माझ्या पोराचं हे. दोन वर्षं मी देवाची माफी मागतेय. बाबल्याला बोलता येत नाही, आई. तुम्हाला तर येत होतं ना?"

  वेणूने होकाराची मान हलवली.

"परत येशील?"

"दुसरं बाळंतपण सासरचं, मला ठाऊक आहे. होळीनंतर बघू. वलसाड तिथून जवळ पडतं, बाबल्याचे वर्ग चुकणार नाहीत." जरा थांबून ती म्हणाली, "नक्की काही विचारू नका आत्ता."

जिग्नेशने टेम्पो काढला. नारू हातात छत्री घेऊन उगाच गाडीभोवती फिरत होता. त्याने सुनेच्या डोक्यावर छत्री धरली, तेवढंच त्याला सुचलं. निलमने फॉर्मवर रुपलची सही घेतली आणि तिला मिठी मारली. वेणूने बाबल्याला एकदा घेतलं. त्याच्या केसांना धुराचा वास लागला होता, एवढ्याशा वेळात. तिने पदराने त्याचं डोकं पुन्हा पुन्हा पुसलं. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होता. मग तिने त्याला रुपलच्या मांडीवर दिला, आणि टेम्पो नरपडच्या रस्त्याने सुरूच्या झाडांआड गेला. ती "बाबल्या" म्हणून ओरडली. त्याने वळून पाहिलं नसणार हे तिला माहीत होतं, तरी ओरडली. इतकं आवडतं माणूस इतक्या जवळून इतकं लांब कसं असू शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घर मोकळं झालं. दोऱ्यांवर ओला बोंबील तसाच लटकत होता. वेणूने डोक्यावर पदर घेतला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस पावसात?" नारूने विचारलं.

"आज बीज आहे. वाडीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्यात. झाईपासून चिंचणीपर्यंत दिलेल्या. ग्रहणाची गोष्ट ह्यांच्याच तोंडून सगळीकडे गेली. आजच्यासारख्या पुन्हा एकत्र कधी सापडणार?"

"अगं, काय सांगणार तू त्यांना? आपली अब्रू..."

"सुनेची अब्रू गेली दोन वर्षं गावभर फिरतेय. आपली एक दिवस फिरू दे."

ती अंगण ओलांडून फाटकाशी पोचली तोच मागून भिकीचा आवाज आला. "थांब गो! माझी छत्री कुठाय? पसरवलं मी, आणि पुसायला तू एकटी निघालीस होय? आणि ते सूर्यग्रहणाचंही मीच बोलले आज. हे तोंड एकदा शिवून तरी टाकायला हवं." ती लंगडत लंगडत आली आणि वेणूच्या डोक्यावर अर्धी छत्री धरली. दोघींनाही ती पुरत नव्हती.

पहिलं घर चिमणचं. ओटीवर पंगत बसली होती. चिमणच्या तीन बहिणी, त्यांची पोरं, वाफाळता भात. "या, या, वेणूकाकी! अगदी वेळेवर आलात, पान वाढते," चिमणची बायको उठली.

"पान नको." वेणू उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं. "एक सांगायला आले आहे, ऐकून घ्या. माझ्या सुनेने ग्रहणात काही चिरलं नव्हतं. ती तापाने पडली होती. मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला तसं बोलू दिलं. पोराचं काही झालं असेल तर धुराने झालं असेल, नाहीतर देव जाणे कशाने. त्या धुरापाशी मी बसवली तिला. तिचा काही दोष नव्हता. उद्या आपापल्या सासरी जाल तेव्हा हे असंच सांगा, कमी-जास्त न करता."

 एका लेकीने घास हातातच धरला होता. ओटीवरचं सगळ्यात लहान पोर तेवढं भाताशी खेळत काहीबाही बडबडत होतं.

"मग काकी," चिमणची थोरली बहीण शेवटी म्हणाली, "रुपलला का नाही आणलंत? तिच्यासमोर बोलू दे आम्हाला. आम्ही कायकाय बोललोय तिला. बोलवा की."

"गेली ती," वेणू म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.